नाव सांगा, मग जोडते

हिंजवडीत वाजलेला फोन उचलत नाहीत. आधी तो उपडा करतात, मग राहवत नाही म्हणून सुलटा करून नंबर बघतात, नंबर ओळखीचा नसला तर तो आपणहून गप्प होईपर्यंत त्याच्याकडे टक लावून बसतात, आणि गप्प झाला की शेजारच्याला म्हणतात, ‘‘कोण होतं कोणास ठाऊक!’’ उचलला असता तर कळलं असतं, असं सुचवणारा माणूस बाहेरगावचा समजावा.

गंमत अशी की त्या न उचललेल्या फोनच्या दुसऱ्या टोकालाही बरेचदा हिंजवडीच असते. आय.टी. पार्कच्या फेज वनमधल्या कुठल्यातरी चौथ्या मजल्यावर कानाला हेडफोन लावून बसलेली मुलगी दिवसभर लोकांना फोन करते आणि संध्याकाळी वाकडच्या पुलापाशी रिक्षाची वाट बघताना स्वतःला आलेले अनोळखी फोन एकामागून एक कापते. पलीकडेही आपल्यासारखीच कोणीतरी बसली आहे, तिलाही टार्गेट आहे, तिच्याही डोक्यावर टीम लीडर उभा आहे, हे तिला पुरेपूर ठाऊक असतं. तरी कापते. सहानुभूती वेगळी आणि फोन उचलणं वेगळं.

या दोन टोकांच्या मध्ये एक यंत्र बसलेलं असतं आणि त्याला जन्मभर दोनच प्रश्न पडतात. बाहेरून फोन आला, तर हा कोण? आतून फोन निघाला, तर याला कुठल्या लाइनने पाठवू?

माझ्या ओळखीच्या एका लहान कंपनीत हे यंत्र जिन्याखालच्या कपाटात आहे. कंपनी फेज वनच्या जुन्या इमारतींपैकी एकीत, चाकण-भोसरीच्या कारखान्यांना स्टॉकचा हिशेब ठेवायचं सॉफ्टवेअर विकणारी. कपाटात वरच्या फळीवर गणपतीचं मखर, खाली फिनेलचे कॅन, आणि मधल्या फळीवर एके काळी अकाउंट्समध्ये टॅली चालवून निवृत्त झालेला डेस्कटॉप. त्याच्यावर ‘अ‍ॅस्टेरिस्क’ नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं आहे आणि तोच या कंपनीचा टेलिफोन एक्स्चेंज. तो सांभाळणाऱ्या मुलाला सगळे ‘सिस्टीमवाला’ म्हणतात. जिथे सगळेच आय.टी.वाले असतात तिथे ज्याला खरोखरच वायर जोडता येते त्याला हे वेगळं नाव मिळतं, पगार मात्र वेगळा मिळत नाही.

अ‍ॅस्टेरिस्कची जन्मकथा पुणेरी माणसाने डोळे मिटून ऐकावी अशी आहे. १९९९ साली अमेरिकेत अलाबामा राज्यात मार्क स्पेन्सर नावाच्या विद्यार्थ्याने लिनक्सची मदत पुरवणारी कंपनी काढली. मदत मागायला लोक फोन करणार, तर ते फोन घ्यायला एक्स्चेंज हवा. त्याने बाजारात किंमत विचारली आणि ती ऐकून घरी जाऊन स्वतःच एक्स्चेंज लिहिला. लिहिला म्हणजे अक्षरशः लिहिला, संगणकाच्या भाषेत, आणि वर तो जगाला फुकट वाटला. यातला ‘किंमत विचारली आणि घरी गेला’ हा पहिला भाग आपल्याकडे लक्ष्मी रोडवर रोज घडतो. दुसरा भाग घडत नाही, म्हणून आपल्याकडे अ‍ॅस्टेरिस्क जन्माला आला नाही.

या सॉफ्टवेअरबरोबर तयार ध्वनिमुद्रित वाक्यं येतात. अ‍ॅलिसन स्मिथ या बाईंचा आवाज आहे, अत्यंत गोड. त्यात ‘आपण रांगेत आहात’ वगैरे नेहमीची वाक्यं आहेतच, शिवाय एक वाक्य असंही आहे, की वीझल्सनी आमची फोन यंत्रणा खाऊन टाकली आहे. वीझल म्हणजे मुंगसापेक्षा लहान आणि मुंगसाइतकाच आगाऊ असा थंड प्रदेशातला प्राणी. माकडांच्या किंचाळण्याचीही एक फाइल आहे, ती सिस्टीमवाला नवीन फोन चाचणीला लावतो तेव्हा वाजवतो. वीझलचं वाक्य मात्र हिंजवडीत निरुपयोगी आहे. इथे फोन यंत्रणा खाणारा प्राणी पिवळा असतो, त्याला जेसीबी म्हणतात, आणि तो मेट्रोच्या खांबाशेजारी, नाल्याच्या कडेला, रुंदीकरणाच्या पाटीखाली, कुठेही चरताना दिसतो.

जेसीबीचा विषय निघालाच आहे तर लाइनांचं सांगतो. कंपनीकडे लाइना चार प्रकारच्या. एक, फार जुनी तांब्याची तार, जी काढायचा अर्ज करण्यापेक्षा बिल भरणं सोपं म्हणून राहिलेली. दुसरी पीआरआय, म्हणजे एका वायरीतून एका वेळी ३० जणांचं बोलणं. अमेरिकेत हिच्या भावंडावर २३ जणच बोलू शकतात. आपण युरोपची पद्धत उचलली आणि सात जागा जास्त मिळवल्या, हे ऐकून कंपनीच्या साहेबांना काहीतरी वाचवल्याचा आनंद झाला होता. तिसरी एसआयपी ट्रंक. ही दिसत नाही, कारण ती इंटरनेटमधूनच येते. तिच्या पहिल्या बिलाच्या वेळी अकाउंट्सवाले कपाट उघडून उभे राहिले होते.

‘‘लाइन दाखव.’’

‘‘दाखवता येत नाही, ती अशी नसते.’’

‘‘मग बिल कशाचं आलंय?’’

चौथा एक डबा, ज्यात सिमकार्डं खुपसतात आणि यंत्र मोबाइलसारखं बोलतं.

आता यंत्राला क्रम लावून द्यायचा असतो. आधी स्वस्त लाइन, ती भरली तर दुसरी, ती बंद पडली तर तिसरी. कागदावर हे फार सुंदर दिसतं. सिस्टीमवाल्याने तसा तक्ता काढून भिंतीवर लावला होता, बाणबिण काढून. तीन वेगळ्या कंपन्यांच्या तीन लाइना, एक गेली तर दुसरी आहेच, असा तो विचार. मग एका दुपारी इमारतीसमोर पिवळा प्राणी आला, त्याने एकच घास घेतला आणि तिन्ही लाइना एकदम गेल्या. कंपन्या तीन होत्या, बिलं तीन होती, रस्त्यातला चर एकच होता. त्या दिवशी संपूर्ण कंपनीचा परराष्ट्र व्यवहार सिमकार्डांच्या डब्यावर चालला, आणि एका वेळी चार जणांनाच बोलता येत असल्यामुळे त्या दिवशी विक्री विभागाने कधी नव्हे ते एकमेकांचं बोलणं ऐकून घेतलं.

लाइन निवडण्याचा अधिकार हा या देशात नेहमीच दर्जाचा प्रश्न होता. जुन्या एक्स्चेंजच्या काळात ऑफिसात फोन सगळ्यांच्या टेबलावर असे, पण बोलण्याचा पल्ला ज्याच्या त्याच्या पगाराप्रमाणे. शिपायाला इंटरकॉम, कारकुनाला लोकल, मॅनेजरला एसटीडी, आणि आयएसडी फक्त ज्याच्या केबिनला दार आहे त्याला. हिंजवडीचा कोड ०२०, म्हणजे पुण्याचाच. चाकण मात्र खेड तालुक्यातलं, त्याचा कोड ०२१३५. त्यामुळे पंचवीस-तीस किलोमीटरवरच्या चाकणला फोन लावायचा तर कारकुनाला मॅनेजरच्या टेबलाशी जाऊन उभं राहावं लागे. आज जो ग्राहक बाटलीतल्या पाण्यासारखा रोज लागतो, तो तेव्हा तांत्रिकदृष्ट्या परगावी राहत होता.

आणि मग आलं शून्याचं प्रकरण. ऑफिसच्या फोनवरून बाहेर फोन करायला आधी शून्य दाबायचं, ही सवय आपल्या बोटांत मुरलेली आहे. नवीन यंत्राला त्या शून्याची गरज नाही, ते नुसता नंबर बघून समजून घेतं. पण चाळीशीच्या पुढच्या माणसाला हे सांगून उपयोग नसतो. त्याचं बोट आधी शून्यावर जातं आणि मग तो विचार करायला लागतो. हे चालून जात होतं. मग १५ जानेवारी २०२१ पासून सरकारने नियम केला, की लँडलाइनवरून कुठल्याही मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावायचं. पुढेमागे नवे नंबर काढायला जागा व्हावी हा हेतू, आणि तो योग्यच आहे. पण त्याचा हिंजवडीतल्या जिन्याखाली काय परिणाम झाला ते पाहा.

खरेदी विभागातल्या गृहस्थांना चाकणच्या प्रेसशॉपवाल्याला फोन लावायचा होता. नंबर ९८ने सुरू होणारा. पुण्यात ९८२२० म्हणजे मोबाइलमधलं जुनं खानदान, तसल्यातला. त्यांनी सवयीचं शून्य दाबलं, सरकारचं शून्य दाबलं आणि मग ९८. यंत्राने वाचलं : दोन शून्यं म्हणजे परदेश. पुढे ९८, म्हणजे इराण. आणि त्या गोड आवाजाने त्यांना कळवलं, की आपल्या एक्स्टेन्शनला परदेशी फोन करण्याची परवानगी नाही. गृहस्थांनी फोन खाली ठेवला आणि बराच वेळ खिडकीबाहेरच्या ट्रॅफिककडे बघत बसले. इथून चाकणला पोचायला लागणारा वेळ लक्षात घेता त्यांना ते पटलं होतं.

पुढे कळलं की यात सगळेच अडकले होते. ९४ म्हणजे श्रीलंका, ९५ म्हणजे म्यानमार, ९० तुर्कस्तान, ८६ चीन. ज्यांचे नंबर ९२ने सुरू होतात असे सगळे सज्जन पाकिस्तानात जमा झाले होते. साहेबांचे सासरे त्यांतलेच. महिन्याच्या नोंदी काढल्या तेव्हा साहेबांच्या एक्स्टेन्शनवरून, म्हणजे ज्याला आयएसडीची मुभा आहे अशा एकमेव फोनवरून, दर शनिवारी पाकिस्तानला फोन लावायचा प्रयत्न झालेला दिसला. नोंद बघून अकाउंट्सवाल्यांनी दार लावून घेतलं आणि मग सिस्टीमवाल्याला बोलावलं. त्याने यंत्राला नवा नियम शिकवला : दोन शून्यांनंतर मोजून १० आकडे आले आणि पहिला सहा ते नऊच्या मधला असला, तर माणूस आपला, जास्त आले तर परदेशी. सासरे एका ओळीने मायदेशी परतले.

बीपीओंची गोष्ट याहून अवघड होती. परदेशातून इंटरनेटमार्गे येणारे फोन आणि इथल्या साध्या टेलिफोनचे फोन एकमेकांत मिसळू नयेत, असा दूरसंचार खात्याचा नियम वर्षानुवर्षं होता. एकच एक्स्चेंज वापरायचा तर त्याच्या पोटात तर्काची भिंत घालायची, अलीकडचा फोन पलीकडे जाता कामा नये. एका ओट्यावर सोवळं आणि ओवळं दोन्ही सांभाळण्याचाच हा प्रकार, फक्त विटाळ झाला तर आंघोळीऐवजी दंड. नोव्हेंबर २०२० आणि जून २०२१ मध्ये हे नियम खूपच सैल झाले, बऱ्याच भिंती पडल्या. तरी हिंजवडीतले काही जुने सिस्टीमवाले अजून त्या दोन वायरी एकमेकींना लागू देत नाहीत. हाताला सवय असते.

हे झालं बाहेर जाणाऱ्यांचं. आत येणाऱ्यांत एक जमात अशी, की तिला कोणी बोलावलेलं नसतं. इंटरनेटला जोडलेल्या कुठल्याही फोन यंत्राच्या दारावर रात्रंदिवस टकटक चालू असते. एक्स्टेन्शन १००, पासवर्ड १००, उघडतंय का? नाही? मग १०१. उघडलं तर रात्रभर तुमच्या खर्चाने कुठल्यातरी महागड्या नंबरांना फोन जातात आणि सकाळी बिल तेवढं तुमच्याकडे राहतं. ही टकटक करणारं एक नावाजलेलं अवजार आहे, ते दारावर आपली ओळखही देतं. काय म्हणून? ‘फ्रेंडली स्कॅनर’. मैत्रीपूर्ण तपासनीस! सिस्टीमवाला म्हणतो, दिवसभरात न विचारता स्वतःहून नाव सांगणारा हा एकटाच.

नावाचा प्रश्न खरा इथून सुरू होतो.

आपल्याकडे तांब्याच्या तारेवर येणाऱ्या फोनबरोबर नाव कधी आलंच नाही, नुसता नंबर यायचा, आणि तोही कसा! अ‍ॅस्टेरिस्कच्या तारांसाठीच्या फाइलमध्ये नंबर ओळखायच्या देशोदेशींच्या रीती लिहिलेल्या आहेत. अमेरिकेची एक, इंग्लंडची एक, जपानची एक, डेन्मार्क-स्वीडन-हॉलंडची एक. आणि भारतासाठी स्वतंत्र सोय : ‘पोलॅरिटी’, मग खाली आडवी रेघ, मग ‘आय एन’. म्हणजे काय, तर फोन येण्याआधी एक्स्चेंज तारांचं अधिक-उणे उलटं करतो आणि मग कोणीतरी घाईघाईने बटणं दाबल्यासारखा टुकटुक करत नंबर पाठवतो. जगातल्या कुठल्यातरी प्रोग्रॅमरने आपल्या तारा उलट्यासुलट्या होतात हे मनावर घेऊन आपल्यासाठी एक वेगळी ओळ लिहून ठेवली, याचा मला अजूनही अभिमान वाटतो. पण टुकटुकीतून आकडे येतात, अक्षरं येत नाहीत. नावाला तिथे वाटच नव्हती.

अमेरिकेत नाव दिसतं. तिथेही ते फोनबरोबर येत नाहीच. फोन घेणाऱ्याची कंपनी नंबर बघते, एका मोठ्या साठ्यात नाव शोधते, त्या शोधाचे पैसे मोजते आणि घंटी वाजायच्या आत पडद्यावर दाखवते. जास्तीत जास्त १५ अक्षरं. जॉन स्मिथसाठी ही व्यवस्था उत्तम आहे. आमच्याकडे एक चंद्रशेखर आहेत. रोमन लिपीत ते १४ अक्षरं घेतात, पंधरावी मोकळी जागा, आणि आडनाव कायमचं समुद्रात. अमेरिकेतल्या ग्राहकाला त्यांनी कितीही वेळा फोन केला तरी आपण कुठल्या घराण्याशी बोलतोय हे त्याला कळण्याची शक्यता नाही.

आपल्याकडे असा साठा म्हणजे एके काळची टेलिफोन डिरेक्टरी. कुलकर्ण्यांची पानं, पाटलांची पानं, शिंद्यांची त्याहून जास्त पानं. त्यातून नंबरावरून नाव शोधायचं तर पुस्तक पहिल्या पानापासून वाचत जायचं आणि तोवर फोन करणाऱ्याने धरून ठेवायचं. ती व्यवस्था गेली आणि तिच्या जागी ट्रूकॉलर आलं. २००९ साली स्वीडनमध्ये स्टॉकहोमला दोघा तरुणांनी ते काढलं, आणि त्याचे सर्वांत जास्त वापरणारे आज भारतात आहेत, याचं कारण उघड आहे. त्याचा साठा कुठल्या कचेरीत तयार होत नाही. लोकांनी आपापल्या फोनमध्ये तुम्हाला काय नावाने ठेवलंय यावरून होतो. म्हणजे तुमचं नाव तुम्ही काय सांगता याला काडीची किंमत नाही, लोक पाठीमागे काय म्हणतात ते दिसतं. फेज टूमधल्या एका व्हाइस प्रेसिडेंटचा फोन आला की नाव येतं ‘बबडू’. एक एच.आर. मॅनेजर ‘जॉब नाही देत’ या नावाने सुप्रसिद्ध आहेत. आमच्या सोसायटीच्या चेअरमनचं नाव ‘मेन्टेनन्स उचलू नको’ असं येतं, आणि ते निवडणुकीत बिनविरोध आले, हे विशेष.

यावर सरकारी तोडगा निघाला. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २३ फेब्रुवारी २०२४ रोजी शिफारस केली, की फोन करणाऱ्याचं नाव फोन कंपन्यांनीच दाखवावं. ऑक्टोबर २०२५ मध्ये दूरसंचार खात्याशी त्यावर एकमतही झालं. नाव कुठलं? सिमकार्ड घेताना अर्जावर लिहिलं गेलं ते. कागदोपत्री खरं, ओळखपत्राशी पडताळलेलं, वादातीत नाव.

पण या देशात सिम कोणाच्या नावावर असतं, याचा विचार केलाय का कोणी? मुलीचं सिम वडिलांच्या नावावर, आजीचं नातवाच्या, वहिनींचं दिरांच्या, आणि माणमधल्या एका जमीनवाल्या गृहस्थांची चारही सिमं आत्याबाईंच्या नावावर, कारण घ्यायला गेले त्या दिवशी कागदपत्रं तिचीच खिशात होती. फेज थ्रीतला एक मुलगा माझ्या ओळखीचा आहे, त्याच्या फोनवर ही नावं दिसू लागली आहेत. रात्री साडेअकराला त्याच्या मैत्रिणीचा फोन येतो तेव्हा पडद्यावर तिच्या वडिलांचं संपूर्ण नाव उमटतं, मधल्या नावासकट. तो फोन आता उभा राहून घेतो. पहिलं वाक्य ‘‘नमस्कार’’ असतं.

या व्यवस्थेने एक जुना खेळही संपणार आहे, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. साताऱ्याकडचे एखादे मामा नवीन नंबरवरून फोन करतात, आपण ‘कोण?’ विचारतो आणि ते म्हणतात, ‘‘ओळख पाहू!’’ मग आपण घाबरत घाबरत सगळे मामा, आत्या, काका यांची उजळणी करायची, एखादं चुकीचं नाव घ्यायचं, आणि त्यावरून पुढच्या लग्नापर्यंत ऐकून घ्यायचं. फोनवरच्या मराठी आदरातिथ्याचा तो पाया होता. आता मामांचं नाव आधीच झळकणार. अर्थात मामांचं सिम मावसभावाच्या नावावर असलं तर गोष्ट वेगळी, तेव्हा आशा सोडायला नको.

दरम्यान, फोन करणाऱ्या टोकाला लाइन निवडण्याचा धंदा जोरात आहे. जाहिरातवाल्यांनी १४०ने सुरू होणाऱ्या नंबरावरून बोलावं, बँकांनी कामाच्या फोनसाठी १६०० वापरावा, असं सरकारने ठरवून दिलं. १४० दिसला की लोक कापतात. म्हणून जाहिरातवाले साध्या मोबाइलवरून बोलतात. म्हणून लोक साधा मोबाइलही कापतात. ०२० दिसला तर लोनवाला समजून कापतात. त्यामुळे नोकरी द्यायला निघालेली एच.आर.ची मुलगी आधी व्हॉट्सअ‍ॅपवर विचारते, ‘मी आपल्याला फोन करू का?’ उमेदवार उत्तर देतो, ‘इथेच सांगा ना.’ तीस जण एका वेळी बोलू शकतील अशी लाइन खाली कपाटात मोकळी पडून असते.

या सगळ्यावर जिन्याखालच्या कंपनीने काढलेला उपाय मी जवळून पाहिला. अ‍ॅस्टेरिस्क हाताळायच्या फ्रीपीबीएक्स नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय असते : बाहेरून फोन आला की यंत्र तुम्ही सांगाल त्या यादीत नंबर शोधतं आणि नाव टेबलावरच्या फोनवर दाखवतं. प्रश्न होता, यादी कुठली? ग्राहकांची अधिकृत यादी काढली तर निम्मे नंबर बंद. शेवटी सिस्टीमवाल्याच्या लक्षात आलं, की खरी यादी रिसेप्शनवर आहे. तिथल्या मॅडम कंपनीच्या पहिल्या दिवसापासून आहेत आणि त्यांच्याकडे निळ्या रेक्झिनची एक डायरी आहे. ‘नाव सांगा, मग जोडते,’ असं म्हणून त्या प्रत्येकाला विचारून घेतात आणि डायरीत टिपतात. त्याने ती एका शनिवारी बसून जशीच्या तशी यंत्रात भरली. फोनच्या पडद्याला देवनागरी झेपेना, चौकोन दिसायला लागले, म्हणून रोमनमध्ये भरली. पण भरली सगळी, शेऱ्यांसकट. मुलगा कामाला चोख आहे.

सोमवारपासून कंपनीत क्रांती झाली. फोन वाजला की पडद्यावर दिसायचं, ‘चाकण प्रेसवाले, पैसे मागतील’. ‘अमेरिका मोठा, खोकतो, थांबावे’. ‘अमेरिका धाकटा, थँक्यू फार’. ‘बँकेतली नवी मुलगी, लोन नको सांगणे, बिचारी’. ‘इंटरव्ह्यूला येणार होता, आला नाही’. आणि एक नोंद शेऱ्याशिवाय, नुसती ‘टँकर’, ती दिसली की ज्याच्या हातात जे असेल ते टाकून तो फोन उचलत असे, कारण पाण्याला पर्यायी ट्रंक नसते. लोक चक्क फोन उचलायला लागले. कोण आहे, काय हवंय, कितपत ऐकून घ्यायचं, सगळं आधीच माहीत असल्यावर उचलायला कोणाची हरकत असते?

मॅडम मूळच्या वाकडच्या. चैत्री पौर्णिमेला म्हातोबाचं बगाड असतं, हिंजवडी-वाकडचा मोठा उत्सव, त्या दिवशी त्या न चुकता रजेवर. रिसेप्शनवर कोणी नसलं की फोन आपोआप साहेबांच्या टेबलावर जावेत, असा नियम सिस्टीमवाल्याने लावला होता. अकरा वाजता साहेबांचा फोन वाजला. पडद्यावर आलं : ‘साहेबांच्या आई. मीटिंग सांगणे. तब्येत विचारणे.’

साहेब बराच वेळ आईंशी बोलले. केबिनचं दार बंद होतं. बाहेर आले तेव्हा डोळे जरा लाल होते, पण कोणाला काही म्हणाले नाहीत. दुपारी ते भोसरीला एका ग्राहकाकडे गेले आणि भूमकर चौकात अडकल्यावर, ऑफिसात काय चाललंय बघावं म्हणून त्यांनी मोबाइलवरून फोन लावला. आता साहेबांच्या टेबलावर त्यांचा नवीन असिस्टंट मुलगा बसला होता. मुलगा प्रामाणिक. त्याने पडदा मोठ्याने वाचला.

‘‘सर, इथे आलंय, ‘साहेब, सगळे जागेवर आहेत सांगणे’. सांगू का?’’

दुसऱ्या दिवशी मॅडमना केबिनमध्ये बोलावणं आलं. बाहेर सगळे श्वास रोखून. साहेब म्हणाले, यंत्रात फक्त नावं ठेवा, शेरे काढून टाका. सिस्टीमवाल्याने त्या दुपारीच काढले. आठवड्याभरात गोंधळ झाला. प्रेसवाल्यांचं नाव दिसायचं, पण ते पैसे मागणार की ऑर्डर देणार हे कळायचं नाही. अमेरिकेतल्या मोठ्याला खोकला आला की नवीन मुलं लाइन तुटली समजून फोन ठेवायची. आणि ‘टँकर’ हे नाव नव्हेच, शेराच आहे, असं समजून सिस्टीमवाल्याने तेही काढलं होतं. इमारत दोन दिवस कोरडी.

तिसऱ्या दिवशी साहेब स्वतः रिसेप्शनवर आले. ‘‘मॅडम, डायरी परत घाला यंत्रात. होती तशी.’’

‘‘तशीच?’’

‘‘दोन नोंदी सोडून. कुठल्या ते तुम्हाला माहीत आहे.’’

मॅडमनी निळी डायरी उघडली, पान काढलं, चष्मा लावला.

‘‘आईंच्या पुढचं मीटिंगचं काढते, सर. तब्येतीचं ठेवते. पण तुमच्या पुढचं राहू दे. नाहीतर ही नवीन मुलं खरं सांगतात.’’